चोपन्न माणसं आणि एकच डोळा

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे, असं मी म्हटलं आणि तुम्ही लगेच मान डोलावलीत, तर आपलं जमायचं नाही. कुणी स्वतःची ओळख करून दिली की आधी विचारावं, हे कशावरून? मला तरी तीच सवय आहे. माझं सगळं आयुष्य एकच प्रश्न विचारण्यात गेलं आणि त्या प्रश्नापायी मला एकदा घराबाहेर काढलं गेलं. ती हकिकत आज सांगतो. ऐका, पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

माझं नाव धिस. इंग्रजीत चार अक्षरं लागतात, अर्थ एवढाच, 'हा'. संगणकाकडून काम करून घ्यायला माणसांनी ज्या भाषा बनवल्या, त्यांतल्या सी प्लस प्लस नावाच्या भाषेत मी नोकरीला आहे. माझा जन्म सत्तरचं दशक संपता संपता, परदेशातल्या एका प्रयोगशाळेत झाला. आमच्या घराण्यातली थोरली मंडळी त्याच्याही आधी युरोपातल्या एका थंड देशात हेच काम करत होती म्हणतात. मी काही त्यांना पाहिलेलं नाही, म्हणून छातीठोकपणे सांगत नाही.

काम काय, ते सांगतो. वर्गात बाई म्हणतात, "वहीवर नाव घाला." हुकूम एकच, मुलं चाळीस. तरी प्रत्येक मूल स्वतःच्या वहीवर स्वतःचंच नाव घालतं. 'स्वतःच्या' हा शब्द बाईंनी उच्चारलेलाही नसतो, पण तो तिथे असतो, म्हणून घोळ होत नाही. संगणकाला मात्र 'स्वतःचं' म्हणजे काय ते उपजत कळत नाही. तिथे हुकूम एकदाच लिहून ठेवलेला असतो आणि तो ज्याच्यासाठी चालवायचा अशी माणसं किंवा वस्तू शेकड्यांनी असतात. हुकूम सुटला की मी दारात उभा राहून विचारतो, "कोणाचं?" उत्तर मिळालं की मी त्या एकाकडे बोट दाखवतो आणि मगच काम पुढे जातं. या खेपेला मी रामचा असतो, पुढच्या खेपेला रहीमचा. मला स्वतःचं असं घर नाही.

असल्या नोकरीत स्वभाव संशयी होतो. दिवसाला हजार वेळा 'कोणाचं' विचारायचं आणि हजारातल्या एखाद्या वेळी जरी चुकीच्या माणसाकडे बोट गेलं, तरी कुणाचं तरी वाटोळं होणार. त्यामुळे मी कुणावर भरवसा ठेवत नाही. अगदी माझ्यावरसुद्धा नाही.

नाशकात मी आलो तो १९८९ साली, एका फ्लॉपीवरून. फ्लॉपी म्हणजे काळी, चौकोनी, पोळीसारखी वाकणारी तबकडी. तंत्रनिकेतनातले तरुण शिक्षक रंगनाथसर मुंबईहून ती घेऊन आले. कसारा घाट चढताना एसटीत ती वाकू नये म्हणून त्यांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून शर्टाच्या आत छातीशी धरली होती. फ्लॉपी कुणाच्या तरी नकलेची नक्कल होती. त्यामुळे मीही अस्सल की नक्कल, ही शंका मला पहिल्या दिवसापासून आहे.

सर हुशार होते, यात वाद नाही. सोबत आणलेलं झेरॉक्स पुस्तक त्यांनी पंधरा दिवसांत वाचून काढलं. पण हुशार माणसांना एक खोड असते. अडलं की त्यांना वाट सापडते, आणि ती वाट कुठे जाते हे बघायला ते थांबत नाहीत.

त्या हिवाळ्यात दिंडोरी रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं मोफत शिबिर भरायचं होतं. भरवणारी एक लहानशी संस्था होती आणि तिचे चिटणीस होते खंडेराव. खंडेरावांना नव्या गोष्टींची भारी हौस. यंदा कागद नाही, यंदा सगळं कॉम्प्युटरवर, असं त्यांनी दोन महिने आधीच गावभर सांगून टाकलं आणि मग रंगनाथसरांना गाठलं.

सरांनी प्रोग्रॅम लिहायला घेतला. प्रत्येक रुग्णासाठी एक कप्पा. कप्प्यात त्याचं नाव, गाव, वय आणि कोणत्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं ते. उजव्यासाठी 'आर', डाव्यासाठी 'एल'. आणि 'डोळा नोंदव' असा एक हुकूम. इथपर्यंत सगळं रीतसर होतं. पण एके संध्याकाळी सरांनी तो हुकूम सोडला तेव्हा तो कोणत्या रुग्णासाठी, हे सांगायला ते विसरले. मी नेहमीसारखा दारात उभा राहिलो आणि विचारलं, "कोणाचा डोळा?"

यंत्राने माझा प्रश्न इंग्रजीत पडद्यावर लिहिला. सरांनी काहीतरी बदललं. मी पुन्हा विचारलं. त्यांनी आणखी काही बदललं. मी परत विचारलं. सर वैतागले. पुस्तकाची पानं उलटता उलटता त्यांना एक शब्द सापडला. तो शब्द आधी लावला की ती गोष्ट सगळ्यांची मिळून एकच होते, सामायिक. सामायिक गोष्टीला 'कोणाची' असं कोण विचारणार? आणि विचारायचंच नसेल तर मी हवा कशाला? सरांनी डोळ्याचा कप्पा सामायिक केला, 'डोळा नोंदव' हा हुकूमही सामायिक केला आणि माझी तिथून हकालपट्टी झाली. यंत्र लगेच गप्प बसलं. सरांना वाटलं, चूक दुरुस्त झाली.

राग आला मला, लपवत कशाला? प्रश्नाचं उत्तर द्यायचं सोडून त्यांनी प्रश्न विचारणाऱ्यालाच काढून टाकलं.

मग सरांनी प्रोग्रॅम तपासला. कसा तपासला ते नीट ऐका. त्यांनी एकच नाव घातलं, आपल्या आईचं. सुलाबाई, मुक्काम येवला, उजवा डोळा. यंत्राने दाखवलं, सुलाबाई, उजवा. बरोबर! चोपन्न माणसांसाठी केलेली वस्तू त्यांनी एका माणसावर तपासली आणि चहा प्यायला गेले. जाताना येवल्याच्या एका मित्राला द्यायला म्हणून त्यांनी प्रोग्रॅमची आणखी एक फ्लॉपीही काढली आणि ती पाठवून दिली.

शिबिराच्या पहिल्या दिवशी आमचं यंत्र मंगल कार्यालयाच्या स्टेजवर मांडलं होतं. एरवी जिथे नवरानवरीच्या खुर्च्या असतात, तिथे पडदा, कळफलक आणि छपाईचं यंत्र. वधूपक्षाच्या खोलीत बायकांच्या खाटा होत्या, वरपक्षाच्या खोलीत पुरुषांच्या. स्वयंपाकघर धुऊन पुसून, औषध मारून त्याचं ऑपरेशन थिएटर केलेलं. 'डोळा नोंदव'मधून मला काढलेलं असलं तरी नाव, गाव नोंदवायच्या हुकुमांमध्ये मी होतोच, त्यामुळे हॉलमधलं सगळं माझ्या कानावर पडत होतं, आणि जे दिसलं नाही ते पुढे लोकांच्या बोलण्यातून कळलं.

कळफलकावर बसल्या होत्या सिंधुबाई पगारे. त्या तंत्रनिकेतनाच्या ऑफिसात रोजंदारीवर टायपिंग करायच्या. बोटं चपळ, पण घाई अजिबात नाही. तपासणारे डॉक्टर रुग्णाचा डोळा बघून मोठ्याने सांगायचे, सिंधुबाई टाइप करायच्या, मग पडद्यावर उमटलेलं रुग्णाला पुन्हा मोठ्याने वाचून दाखवायच्या. "कुसाबाई, घोटीजवळच्या ना? वय साठ. उजवा डोळा. बरोबर, मावशी?" मावशी हो म्हणाल्या की पुढचं नाव. रुग्ण पुढे सरकला की त्याच्या भुवईवर, ज्या डोळ्याचं ऑपरेशन त्या बाजूला, पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला जाई. तो तुकडा लावायचं काम परिचारिका सुमनबाईंचं.

मला दर नावाला धडकी भरत होती. का, ते सांगतो. डोळ्याचा कप्पा सामायिक होता, म्हणजे सगळ्या रुग्णांची मिळून एकच खुंटी. कुसाबाईंचा 'उजवा' त्या खुंटीवर टांगला की पडद्यावर 'उजवा' दिसे, आणि सिंधुबाई तो खरा समजून वाचत. पुढचा रुग्ण आला की आधीचा 'उजवा' खाली पडे आणि नवा टांगला जाई. चोपन्नावं नाव होतं गेणू म्हणून एका म्हाताऱ्याचं. त्याचा डोळा डावा. झालं! त्या क्षणी चोपन्नच्या चोपन्न माणसं डावी झाली आणि हॉलमध्ये कुणालाही त्याचा पत्ता नव्हता.

यादी छापली गेली. खंडेरावांनी तो लांबलचक कागद दोन्ही हातांत उभा धरून बघितला. "काय सुरेख काम आहे! एका ओळीत, एका रेषेत. हाताने लिहिताना असं जमलं असतं का?" त्यांना ओळ सरळ दिसली, ओळीत काय आहे ते दिसलं नाही. चोपन्न वेळा एल, एल, एल. इतकं सगळं सारखं बघून मला तरी घाम फुटला असता. तपासणारे डॉक्टर तोवर कळवणच्या शिबिराला निघूनही गेले होते; ऑपरेशन करायला दुसऱ्या दिवशी मुंबईचे डॉक्टर यायचे होते.

तरी धोका नव्हता, कारण भुवईवरच्या पट्ट्या होत्या. यादी चुकली तरी कपाळ खरं बोललं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वधूपक्षाच्या खोलीत बायका उठल्या, तोंडं धुतली, कुणाच्या तरी पिशवीतून लहानसा आरसा आणि कुंकवाचा करंडा निघाला. कपाळावर पांढरी पट्टी! ती कशी चालावी? कुसाबाई म्हणाल्या, "धनी भाईर व्हरांड्यात बसल्यात चांगलं धडधाकट, आन् म्या कपाळाला पांढरं लावून बसू व्हय?" त्यांनी पट्टी ओढून काढली आणि ठसठशीत कुंकू लावलं. ते बघून शेजारणीने काढली, मग तिच्या शेजारणीने. ज्यांना कुंकू लावायचं नव्हतं त्यांनीही काढली, कारण सगळ्यांनी काढली होती. एकवीस बायकांच्या एकवीस पट्ट्या मोरीत वाहून गेल्या. त्यांचा दोष नाही. ती पट्टी कशासाठी आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मित्रांनो, न सांगता लावलेल्या गोष्टीवर तर मी कधीच विसंबत नाही.

आणि त्या दिवशी पाळी पहिली बायकांची.

सुमनबाई एका हातात यादी आणि दुसऱ्या हातात लहान कात्री घेऊन आल्या. ज्या डोळ्याचं ऑपरेशन, त्याच्या पापणीचे केस आधी कापायचे, औषधाचे थेंब घालायचे आणि मग रुग्णाला आत न्यायचं, अशी रीत होती. पट्ट्या गेलेल्या बघून त्या बायकांवर थोड्या रागावल्या. पण यादी हातात होती, म्हणून कामाला लागल्या. पहिली शकुबाई. यादीत डावा. शकुबाई काही बोलल्या नाहीत. केस कापले, थेंब घातले आणि त्यांना आत नेलं.

दुसऱ्या कुसाबाई. सुमनबाईंनी त्यांची हनुवटी वर केली आणि कात्री डाव्या डोळ्याजवळ नेली.

"बाई, ह्यो नव्हं. माझा उजवा हाय."

"मावशी, यादीत डावा आहे. हलू नका."

"आसंल यादीत. डोळा माझा हाय."

सुमनबाई थांबल्या. खंडेराव दारातच उभे होते. ते हसून म्हणाले, "अहो, ह्यांना डावं-उजवं काय कळतंय! समोरून बघितलं की उलटंच वाटतं. कॉम्प्युटर आहे तो, खोटं बोलत नाही. पुढे चला, मुंबईचे डॉक्टर खोळंबलेत."

कुसाबाईंनी दोन्ही हात पुढे केले. उजवा वर उचलून म्हणाल्या, "ह्या हातानं आज चाळीस वरसं तांदूळ निवडत्ये. ह्या अंगाचा डोळा गेलाय. हात चुकंल व्हय माझा? आन् ह्या डाव्यानं आजून पायाखालची वाट दिसती. कालचा डाक्तर म्हनला, ह्याला हात लावायचा नाय, ह्याला आतून दुसरं दुखणं हाय. ह्याला सुरी लागली तर ह्यो बी जाईल. मंग मी कुणाच्या डोळ्यानं बघू?"

एवढं बोलून त्यांनी डाव्या डोळ्यावर तळहात घट्ट दाबून धरला. तो हात काढायला त्या तयार होईनात. खंडेराव म्हणाले, "घाबरतात हो या बायका, कुणीतरी हात धरा त्यांचा." दोन स्वयंसेवक पुढे झाले.

मी स्टेजवर, यंत्राच्या पोटात. हे सगळं ऐकतोय आणि ओरडता येत नाही. कोणाचा डोळा, कोणाचा डोळा, एवढं एकदा विचारू दिलं असतं तर! त्या वेळी मला जेवढी भीती वाटली तेवढी पुन्हा कधी वाटली नाही. एका बाजूला छापील कागद, दुसऱ्या बाजूला घोटीकडची एक म्हातारी. कागद खोटा आहे हे माहीत असणारा मी एकटा, आणि मला जीभ नव्हती.

"कुणी हात लावू नका त्यांना," सुमनबाई म्हणाल्या आणि कात्री त्यांनी ट्रेमध्ये ठेवली.

मग त्यांनी यादीवर वरून खाली बोट फिरवलं. त्यांचं बोट हळूहळू चाललं होतं. "खंडेराव, चोपन्न माणसं आणि सगळ्यांचा डावाच डोळा? काल मी स्वतः पट्ट्या लावल्यात. उजव्या बाजूला पण लावल्यात, मला आठवतंय." खंडेरावांनी काही उत्तर द्यायच्या आत त्या वरपक्षाच्या खोलीकडे गेल्यासुद्धा. पुरुषांच्या पट्ट्या जागेवरच होत्या. पहिल्याच खाटेवरचा गोरक्ष, पट्टी उजव्या भुवईवर. यादीत एल. दुसरा, पट्टी उजवीकडे. यादीत एल. तिसरा मात्र जमला. पाचव्या खाटेपर्यंत गेल्यावर त्या वळल्या आणि पळतच स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या. आत शकुबाई टेबलावर होत्या.

"डॉक्टर, थांबा! यादी चुकलीय!"

मुंबईचे डॉक्टर चिडले. पण त्यांनी हत्यार खाली ठेवलं आणि बॅटरी मागवली. शकुबाईंचे दोन्ही डोळे त्यांनी निरखून बघितले. त्यांचा डावाच होता. कार्यालयातली सगळी माणसं म्हणाली, देवाची कृपा. मी म्हणेन, सामायिक खुंटीवर डावा टांगलेला होता आणि शकुबाई योगायोगाने डाव्या निघाल्या. त्या योगायोगावर चोपन्न माणसांना मी सोडलं नसतं.

रंगनाथसरांना बोलवायला माणूस गेला. सर सायकलवरून धापा टाकत आले आणि सगळं ऐकून पहिल्यांदा म्हणाले, "शक्य नाही. मी तपासलेला प्रोग्रॅम आहे." आणि मग सगळ्यांच्या माना हळूहळू सिंधुबाईंकडे वळल्या. प्रोग्रॅम चुकला नाही, यंत्र चुकत नाही, मग उरलं कोण? रोजंदारीवरची टायपिस्ट.

"लक्ष नसेल यांचं," खंडेराव म्हणाले. "दिवसभर एकच बटण दाबत बसल्या असतील. किंवा कुणी सांगून मुद्दाम केलं असेल. आमच्या शिबिराचं बरं बघवत नाही असे लोक आहेत गावात."

मित्रांनो, मी संशयी आहे असं मघाशी सांगितलं. पण माझ्या संशयात आणि या संशयात फरक आहे. मी विचारतो आणि उत्तराची वाट बघतो. हे लोक उत्तर आधीच घेऊन आले होते.

सिंधुबाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "मी प्रत्येकाचं वाचून दाखवलं होतं." कुणी ऐकलं नाही. तेव्हा दारातून कुसाबाईंचा आवाज आला. डोळ्यावरचा हात अजून तसाच होता. "तिला कशापायी बोलताय? म्या तिच्या म्होरं बसले व्हते की! 'उजवा' आसं तिनं मोठ्यानं वाचलं, मी हुंकार दिला, मंगच फुडलं नाव घेतलं तिनं."

सिंधुबाई पुढे झाल्या. मग खुर्ची ओढून यंत्रासमोर बसल्या. "सर, तुम्ही कसं तपासलं होतं?"

"आईचं नाव घालून."

"घालू या पुन्हा." त्यांनी टाइप केलं, सुलाबाई, येवला, उजवा. पडद्यावर आलं, सुलाबाई, उजवा. सरांनी सगळ्यांकडे विजयी मुद्रेने बघितलं. "बघा, बरोबर आहे."

"अजून एक घालते." पुंजा, कळवण, डावा. पडद्यावर पुंजा, डावा. हेही बरोबर. "आता सर, तुम्ही स्वतः बटण दाबा. मी हात मागे घेते. आईंचं नाव परत काढून बघा."

सरांनी बटणं दाबली. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, सुलाबाई, येवला, डावा.

सिंधुबाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, यात माझं बोट कुठे लागलं?"

रंगनाथसर आपल्या आईच्या नावाकडे बघत राहिले. त्यांनी एका नावावर तपासलं होतं, दुसरं घालून पुन्हा पहिल्याकडे वळून बघितलं नव्हतं. हे त्यांच्या लक्षात आलं तसा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी प्रोग्रॅम उघडला, तो सामायिक करणारा शब्द दोन्ही ठिकाणांहून खोडला आणि मला माझ्या दारात परत उभं केलं. यंत्राने ताबडतोब विचारलं, कोणाचा डोळा? आता मात्र सरांनी बसून नीट उत्तर लिहिलं.

कालची माहिती मात्र मिळण्यासारखी नव्हती. खुंटीवरून खाली पडलेलं मी तरी कुठून आणणार? पुरुषांच्या पट्ट्या कामाला आल्या. बायकांना मुंबईच्या डॉक्टरांनी एकेकीला पुढ्यात बसवून, बॅटरीच्या उजेडात पुन्हा तपासलं. अर्धा दिवस मोडला. खंडेराव कोपऱ्यात बसून राहिले. कुसाबाईंना तपासून डॉक्टर म्हणाले, "उजवा. आणि डाव्याला कोणीही हात लावायचा नाही. या डोळ्याला कापलं असतं तर बाई आज आंधळ्या झाल्या असत्या." तेव्हा कुठे त्यांनी डोळ्यावरचा तळहात काढला. इतका वेळ दाबून धरल्यामुळे गालावर बोटांचे वळ उठले होते.

रंगनाथसरांनी सिंधुबाईंची माफी मागितली का? सगळ्यांसमोर नाही मागितली. याचं मला वाईट वाटतं. पण त्या दुपारी प्रोग्रॅममध्ये माझ्या शेजारी त्यांनी एक ओळ लिहिली. यंत्र ती ओळ वाचत नाही, ती फक्त पुढे येणाऱ्या माणसांसाठी असते. त्यांनी लिहिलं, 'इथून हा शब्द काढू नये. माझी ही चूक सिंधुबाई पगारे यांनी दाखवून दिली.' आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ते येवल्याला गेले, मित्राला दिलेली फ्लॉपी परत मागून घेतली आणि तिथेच तिचे दोन तुकडे केले. मित्राने त्याआधी तिची नक्कल आणखी कुणाला दिली होती का, हे विचारायचं मात्र त्यांच्या लक्षात राहिलं नाही. मला अजून त्याची काळजी वाटते. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी यादीत, माझ्याविना तो हुकूम चालत असेल का?

सातव्या दिवशी ऑपरेशनच्या पट्ट्या उघडल्या. कुसाबाईंना सुमनबाईंनी हाताला धरून स्टेजवर आणलं. मागून त्यांचे धनी धोंडीराम पिशवी सांभाळत आले. सिंधुबाईंना पुढची नोंद करायची होती. पडद्यावर कुसाबाईंचं नाव होतं आणि पुढे स्वच्छ 'उजवा' लिहिलेलं होतं. तरीही त्यांनी विचारलं, "मावशी, कोणता डोळा?"

"आगं बाई, आता बी इचारती व्हय? पट्टी तर सुटली. दिसतंय की समदं!"

"दर खेपेला विचारणार, मावशी."

धोंडीराम हसले. कुसाबाई मात्र हसल्या नाहीत. नव्या डोळ्याने त्यांनी सिंधुबाईंकडे बराच वेळ बघितलं. मग त्यांच्या गालांवरून दोन्ही हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली आणि म्हणाल्या, "इचार, पोरी. त्या दिवशी तुम्ही दोघींनी इचारलं म्हणून मी आज तुला बघत्ये."

मित्रांनो, पुढे ते यंत्र जुनं झालं, भंगारात गेलं. फ्लॉप्यांना बुरशी चढली आणि रंगनाथसरांची ती ओळही त्यांच्याबरोबर गेली. मी अजून कामावर आहे, कारण माझ्यासारख्याला कुणी ना कुणी वापरतंच. मात्र एक गोष्ट तुमच्यापासून लपवत नाही. त्या दिवशी मी माझ्या दारात असतो, तरी मी फक्त कुसाबाईंच्या कप्प्याकडे बोट दाखवलं असतं. कप्प्यात मुळातच कुणी चुकीचं लिहिलं असतं, तर मी त्या चुकीकडेही तितक्याच विश्वासाने बोट दाखवलं असतं. कप्प्याबाहेरची म्हातारी मला दिसत नाही, तिने डोळ्यावर दाबून धरलेला हात दिसत नाही. म्हणून तुम्हाला हात जोडून विनंती आहे. माझ्यावर अवलंबून राहू नका. तुमच्या हातात यादी असेल आणि समोरचं माणूस म्हणालं, 'ह्यो नव्हं', तर हातातली कात्री आधी खाली ठेवा.